चित्रातलं बाळ

मंगळवारी दुपारी जेसल पार्कमधल्या एका इमारतीत स्लॅब कोसळला आणि माझी ताई गेली.

संध्याकाळी एका न्यूज पोर्टलवर त्याचं चित्र आलं. फोटो नव्हता, कॉम्प्युटरने बनवलेलं चित्र होतं. खाली येणारं छत, केस मोकळे सुटलेली बाई, एक हात वर, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं बाळ. ताई त्या घरात एकटी राहायची. तिला मूल नव्हतं. अग्निशमन दलाच्या माणसाने सांगितलं, पलंगावर कुशीवर होती, अंगावर चादर.

त्या चित्राची जात मी लगेच ओळखली. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या साप्ताहिकांच्या पहिल्या पानावर अशी रंगीत चित्रं यायची. बुडणारी बोट, जळणारं थिएटर, पुलावरून कोसळलेली गाडी. चित्रकार तिथे गेलेलाच नसायचा. ऑफिसात बसून, आलेली तार वाचून काढायचा आणि बरेचदा त्यात एक बाळ घालायचा. त्या पानांच्या प्रती मी वर्षानुवर्षं जमवल्या. वाचनालयात एकदा त्यांवर बोललेही होते. बाळाचा मुद्दा आला तेव्हा लोक हसले होते. ताईसुद्धा.

आई माझ्याकडेच असते. तिने ते चित्र फोनमध्ये ठेवलं आणि भेटायला येणाऱ्यांना दाखवू लागली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आंटी, बच्चा बच गया ना?" आई म्हणाली, "हां, बच गया."

मी उठून किचनमध्ये गेले, मग गॅलरीत, मग खाली गेटपर्यंत जाऊन परत आले. पुढचे दहा-बारा दिवस हेच चाललं होतं. पुस्तक उघडायचे, चार ओळींवर मिटायचे. ताईच्या मरणात कुणीतरी भलतंच मूल घुसवलं होतं आणि आईने ते खरं मानलं होतं. तिला सांगणं भाग होतं, आणि रोज सकाळी मी ते संध्याकाळवर ढकलत होते.

तेराव्यानंतर मी त्या जुन्या पानांचा गठ्ठा काढला. बुडणाऱ्या बोटीचं पान आईपुढे ठेवलं. चित्रकार हे असंच, न बघता काढायचे, ताईचं चित्रही तसंच, म्हणून सांगितलं. तिने चष्मा लावून पान बराच वेळ पाहिलं.

"मला वेडी समजतेस का गं?" ती म्हणाली. "दुपारची झोपली होती ती. तो फायर ब्रिगेडचा माणूस माझ्याशीच बोलला ना."

"मग लोकांना बाळाचं का सांगतेस?"

"बाळ वाचलं म्हटलं की माणसं हात जोडून उठतात. झोपेत गेली म्हटलं की विचारतात, बाहेर काढायला दोन तास लागले, मग नक्की झोपेतच गेली का? आहे तुझ्याकडे उत्तर?"

मी पान गठ्ठ्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुर्धा गावाहून ताईच्या ओळखीच्या एक बाई आल्या. त्यांनीही चित्र पाहिलं होतं. आई आत होती. त्यांनी बाळाचं विचारलं. "वाचलं," मी म्हणाले.

आता भेटायला कुणी येत नाही. दुपारी आई झोपत नाही आणि मीही झोपत नाही.