बिडाचा हूक

माझ्या मेव्हण्याने मला फसवलं. पोलादी म्हणून ठिसूळ बिडाचा हूक दिला, तोही पोकळ. बायकोचा सख्खा भाऊ, म्हणून इतकी वर्षं मी त्याला जाब विचारला नाही.

नव्वदीच्या दशकात शिवाजी पेठेत घराला लागूनच माझं गॅरेज होतं. गाडीचं इंजिन उतरवायचं तर तालमीतली पोरं बोलवावी लागत. पोरं दणकट, पण फुटबॉलची मॅच असली की तालीम ओस आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर. एकदा एका जीपवाल्याने तोंड सोडलं, मीही सोडलं, आणि त्याच रागात ठरवलं की स्वतःची क्रेन बांधायची.

दोन उभे पाइप, वर आडवा गर्डर, खाली चाकं, मध्ये साखळीची कप्पी. एकेका वस्तूसाठी जुन्या बाजारात भांडून भाव पाडला. वेल्डिंग मी आणि माझ्या धाकट्या भावाने केलं. राहिला हूक. मेव्हण्याचं भंगाराचं दुकान होतं, तिथे गेलो.

"पोलाद हाय न्हवं?"

"दाजी, तुमास्नी बीड दीन व्हय? कारखान्यातनं निघालाय. हत्ती टांगा की."

"मग वर रंग कशाला फासलायस?"

"घरच्या पावण्याला गंजका माल द्यायचा?"

हातोडीने ठोकून आवाज बघतो म्हणालो, तर चेहरा पाडून म्हणाला, "ठोका. मग ताईला बी सांगतो, दाजींचा माझ्यावर इस्वास न्हाय." मी हातोडी ठेवली. भाव मात्र सोडला नाही, निम्म्यावर आणला.

खंडेनवमीला क्रेनला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी त्या जीपचं इंजिन उचलायचं होतं. ते लोंबत असताना भाऊ खाली आडवा होऊन गिअरबॉक्स सोडवणार होता.

"नारळ पायरीवर फोडा," बायको म्हणाली.

"पूजा क्रेनची, तर नारळ क्रेनवरच," मी म्हणालो.

भावाने लोंबता हूक दोन्ही हातांनी धरला. मी नारळ आपटला. नारळ शाबूत राहिला, हुकाचं टोक खाली पडलं. तुटल्या जागी बोट जाईल एवढी पोकळी होती, आणि तीत रंगारी भिंतीला भरतात ती लांबी भरलेली होती.

भाऊ आधी हसला. मग तिथेच खाली बसला.

"दादा, उद्या मी खाली असतो."

तोच नारळ बायकोने पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा दिराच्या हातात ठेवला. त्याला तो चावताना बघून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

पुढे खात्रीचा हूक बसवला. त्या क्रेनने मग दहा-बारा वर्षं इंजिनं उचलली, आणि प्रत्येक वेळी भाऊ खालून धडधाकट बाहेर आला. तो बाहेर येईपर्यंत मी साखळी सोडत नसे. आता गॅरेज तोच चालवतो.

मेव्हणा अजून लग्नकार्यात चारचौघांत हसतो. "दाजींनी भाव एवढा पाडला, मग बीडच मिळणार की."

भाव परवडत नव्हता तर माल द्यायचा नव्हतास. शिव्या द्यायच्या होत्यास, आपण दोघंही त्यात कमी नाही. पण लांबी भरणाऱ्याला भोक दिसलेलं असतं. आता माझ्याशी बोलू नकोस. माझ्या भावासमोर बस आणि त्याला सांग: ते भोक बुजवताना हुकाखाली कोण झोपणार, हे तुला ठाऊक होतं की नव्हतं?