दसऱ्याचा नारळ आणि पुढचं डावं चाक

मला गाडीतलं सगळं कळतं. असं मी म्हणतो, घरात दुसरं कोणी म्हणत नाही. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचे कागद तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे चाक या विषयावर आपला अधिकार आहे अशी माझी समजूत. (कागदावर चाकं नसतात, हा भाग वेगळा.)

गेल्या दसऱ्याला आमच्या ऋचाचा साखरपुडा होता. पुण्याला, साडेअकराच्या मुहूर्तावर. मुलाकडचे वेळेचे इतके पक्के, की पनवेलला बोलणी करायला आले तेव्हा पाच मिनिटं लवकर पोचले म्हणून जिन्यात उभे राहिले होते!

निघण्याआधी गाडीची पूजा. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. "नारळ त्या दगडावर फोडा," मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणाली. पण सोसायटीतले चार जण बघत होते! मी नारळ थेट पुढच्या डाव्या चाकाच्या रिंगवर आपटला. एका फटक्यात ठिकऱ्या! वॉचमनने टाळ्या वाजवल्या.

"अहो, एक तुकडा कमी वाटतोय," मंगल वाकून शोधत म्हणाली.

"कावळ्याने नेला असेल. बस आता, उशीर होतोय."

कळंबोली यायच्या आधीच आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... खर्र... आणि ब्रेक दाबला की किंऽऽच!

"बाबा, काय वाजतंय?"

"रस्ता खराब आहे."

पुढे रस्ता गुळगुळीत झाला. आवाज तसाच! मग मी चेहरा गंभीर केला आणि निदान केलं, "बेअरिंग गेलं."

"गेलं म्हणजे?" मंगलने विचारलं.

"म्हणजे घाटात चाक निखळू शकतं."

हे मी ज्ञानाच्या भरात बोललो. पण बोलून झाल्यावर मीच गाडीचा वेग निम्म्यावर आणला. मागे ऋचा रडायला लागली. मेंदीच्या हातांनी तिला धड डोळेही पुसता येईनात. "ते लोक थांबणार नाहीत, बाबा. मुहूर्त गेला तर पहिल्याच दिवशी मान खाली!"

गाडी कडेच्या रस्त्याला घेतली. आवाज नेमका कुठून येतो हे कळायला कोणीतरी बाहेरून ऐकायला हवं. मंगल पैठणी सावरत, चाकाकडे कान करून गाडीशेजारी पळू लागली. दोन ट्रकवाले थांबून बघायला लागले.

"मंगल, चाकातून येतोय की ब्रेकमधून?"

"माझ्या छातीतून येतोय! थांबवा आधी!"

एकामागून एक गॅरेजं बघितली. सगळी बंद, शटरला झेंडूच्या माळा. शेवटी ट्रक टर्मिनलजवळ एक उघडं दिसलं. पांढरेशुभ्र कपडे घालून म्हातारे गॅरेजवाले बाळारामभाऊ खुर्चीत बसले होते. पाटावर नट-बोल्टचे पाने, जॅक, हातोडा, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं.

"आज नाय, साहेब. हत्यारं पूजेला हायत. उद्याच्याला या."

"भाऊ, मुलीचा साखरपुडा आहे हो. पुणं गाठायचंय. बेअरिंग गेलंय!"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही, ऋचाच्या रडवेल्या तोंडाकडे बघितलं. "हत्याराला हात नाय लावनार. पन डोल्यांना कुनी सुट्टी दिलीय?"

त्यांनी स्टेअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं. त्या शुभ्र कपड्यांनिशी जमिनीवर आडवे झाले आणि चाकामागे डोकं घातलं. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलून टाकला. (दुसरं काही सुचलंच नाही!)

"पोरी, केसांतला आकडा दे."

पार्लरमध्ये घातलेल्या अंबाड्यातून ऋचाने आकडा उपसला. अर्धा अंबाडा खांद्यावर आला. भाऊंनी आत खुडखुड केली आणि ब्रेकची चकती नि मागचा पत्रा यांच्या फटीतून काहीतरी ओढून काढलं. करवंटीचा तुकडा! शेंडीसकट.

"बेअरिंग बरं हाय, ब्रेक बी बरं हाय," भाऊ अंग झटकत म्हणाले. "ह्यो नारल कुनी फोडला?"

मी हाराची फुलं नीट करू लागलो.

"कावळ्याने," मंगल म्हणाली.

घाटात चाक निखळलं नाही. अकरा वीसला हॉलवर पोचलो. व्याही घड्याळाकडे बघत दारातच उभे होते. ऋचाचा तो अर्धा सुटलेला अंबाडा मुलाच्या आत्याला इतका आवडला, की तिने पार्लरचा पत्ता विचारला. साखरपुडा वेळेवर झाला. अंगठी घालताना ऋचा हसली.

यंदाच्या दसऱ्याला नारळ मंगल फोडणार आहे. दगडावर. मला अगदीच वाईट वाटू नये म्हणून तिने मलाही एक काम दिलंय. कावळे हाकलायचं.