लाईनमनकाकांची वही

लाईनमनकाका कुठल्याही यंत्राला एकच हात लावायचे, तोही उजवा. डाव्या हाताची मूठ करून ती पाठीमागे कमरेवर ठेवलेली असायची. पंख्याचं बटण असो, मॉनिटरची वायर असो की गच्चीवरची पाण्याची मोटार, त्यात फरक नसे. आम्हाला आधी वाटलं, त्यांच्या डाव्या हाताला काहीतरी झालेलं असावं. मग एकदा ते दोन्ही हातांनी भाकरी मोडताना दिसले आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या संध्यानं विचारूनच टाकलं, "काका, मशीनपाशी आलं की तुमचा हा हात कुठं लपतो?"

काका म्हणाले, "दोन्ही हात लावले आन् झटका बसला, तं करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आन् दुसऱ्या हातातून निघतो. एक हात मागं ठिवला तं छाती वाचती. तीस वर्षं खांबावर असाच वाचलो." मग म्हणाले, "आता कम्प्युटर काय माणूस मारीत न्हाई म्हणा. पण हाताला ते कोण सांगणार?"

मंठ्याला कापसाच्या एका आडतीवर, वरच्या मजल्यावर, आमचा कम्प्युटरचा क्लास होता. मोठी खोली, चार मशीन आणि भिंतीला लावलेल्या बॅटऱ्या. काका विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. मंठ्याची वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून सरांनी त्यांना क्लासवर ठेवून घेतलं होतं. जनरेटर, यूपीएस, बोर्ड हे सगळं त्यांच्याकडे. कम्प्युटर त्यांना चालवता येत नव्हता आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. "डब्याच्या आतलं सरांचं, डब्याच्या बाहीरचं माझं," हा त्यांचा हिशेब होता.

मी वाटूरच्या पुढच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. क्लासला नाव घातलं तेव्हा वडिलांनी एकच सांगितलं होतं, "मशिनीला इचारून हात लाव." त्यामुळे मी खरोखरच प्रत्येक बटण विचारून दाबायची. सकाळच्या बॅचला चार जण होतो. सगळ्यात शेवटी माझं नाव लागलं, म्हणून कोपऱ्यातलं चार नंबरचं मशीन माझ्या वाट्याला आलं.

काम करण्याआधी काका मोठ्यानं विचारायचे, "बंद?" बटणाजवळ जो असेल त्यानं तितक्याच मोठ्यानं "बंद" म्हणायचं. त्याशिवाय ते वायरला शिवत नसत. एकदा मी नुसती मान हलवली. ते तिथंच थांबले. "मान हलवलेली ऐकू येत न्हाई माय. तोंडानं बोल." मी हळूच "बंद" म्हणाले. "अजून मोठ्यानं. मी खांबावर हाय असं समज." सगळे हसले. मीही हसले, पण माझा आवाज काही मोठा झाला नाही.

त्यांची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, लांबट, खिळ्याला सुतळीनं टांगलेली. मशीन बंद पडलं की तिच्यात लिहायचं: तारीख, वेळ, मशीनचा नंबर आणि बसलेलं कोण होतं. ही पद्धत त्यांनी सबस्टेशनवरून आणलेली. तिथं लाईन ट्रिप झाली की असंच लिहीत म्हणे. सर हसायचे, "काका, चार मशीनला कशाला वही?" काका म्हणायचे, "सर, मला इंग्रजी येत न्हाई, कम्प्युटर येत न्हाई. मला वहीच येती."

डिसेंबरात चार नंबरचं मशीन मधूनच बंद पडू लागलं. वीज असायची, बाकीची तीन मशीन चालू असायची आणि हे एकटंच खट्‌कन काळं व्हायचं. पहिल्यांदा ते दुपारच्या बॅचला झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा सकाळच्यांना विचारलं, "चार नंबरवर कोणी काय केलंय?" त्यांनी ते सगळ्यांना विचारलं होतं, पण मला ते माझ्यावरच आल्यासारखं वाटलं. त्याच सकाळी ते माझ्यासमोर बंद पडलं. संध्या शेजारून कुजबुजली, "तू हात लावला की जातंय बघ." ती गंमत करत होती. मी मात्र गप्प बसले. काकांच्या वहीत नोंद तर मुळीच केली नाही. "बसलेलं कोण" या रकान्यात माझं नाव आलं असतं.

त्यानंतर रोज असंच होऊ लागलं. माझ्या मशीनचा पडदा सरांच्या टेबलावरून दिसत नसे. तो काळा झाला की मी माझ्या स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिल्याचं सोंग करायची. लगेच चालू केलं तर दोन-चार मिनिटांत पुन्हा जायचं. दहा मिनिटं थांबून केलं तर बराच वेळ चालायचं. हे मला आपोआप कळलं होतं. संध्यालाही मी शपथ घालून गप्प केलं.

दुपारच्या बॅचला शाळेतले मास्तर लोक यायचे. त्यांना कशाची भीती नव्हती, ते बिनधास्त लिहायचे. म्हणून काकांच्या वहीत सगळ्या नोंदी दुपारच्याच होत्या. मागच्या गल्लीतली पिठाची गिरणीही दुपारीच चालू व्हायची. काकांनी ते बरोबर जुळवलं. "गिरणी सुरू झाली की व्होल्टेज बसतं. ह्याचं यूपीएस कमजोर झालं आसंल." त्यांनी चार नंबरचं यूपीएस दोन नंबरला लावून पाहिलं. तरी चारच बंद पडलं. मग प्लगची जागा बदलली, मग वायर बदलली. सर म्हणाले, "काका, सगळं एकदाच बदलून टाका ना." काका म्हणाले, "मंग कशानं बरं झालं ते कसं कळावं? एका टायमाला एकच गोष्ट बदलायची." शेवटी त्यांनी खाली उतरून अर्थिंगचा खड्डा उकरला, त्यात मीठ-कोळसा घातला आणि रोज दोन बादल्या पाणी ओतू लागले. मी खिडकीतून ते पाहायची आणि खिडकीपासून मागं सरायची.

गुरुवारी सरांनी निर्णय सांगितला. मशीन शनिवारी जालन्याला दुरुस्तीला जाणार, परत यायला महिना लागणार. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तीन मशीनवर चार जण बसणार नव्हते. शेवटी नाव लागलेल्यानं पुढच्या बॅचला यावं, असं सर म्हणाले आणि माझ्याकडे पाहून "वाईट वाटून घेऊ नका" असंही म्हणाले. पुढची बॅच उन्हाळ्यात होती. घरून तेव्हा पुन्हा पाठवतील याची मला खात्री नव्हती. एकदा सुटलेली गोष्ट आमच्या घरात पुन्हा विचारायची पद्धत नव्हती.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर मी मागे राहिले. काका बॅटरीत पाणी भरत होते, अर्थातच एका हातानं.

"काका, चार नंबर सकाळी पण बंद पडतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कधी पडलं?"

"रोज."

बाटली त्यांनी खाली ठेवली. "वहीत न्हाई."

"मी लिहिलं नाही."

"काहून?"

"मला वाटलं, माझ्याच हातानं पडतं."

त्यांनी खिळ्यावरची वही काढून चाळली. मग म्हणाले, "म्हणजे मी आठ दिवस जमिनीला मीठ चारून राह्यलो, आन् तू वरून बघून राह्यली."

मला रडू आलं. ते वैतागले होते, पण त्यांचा आवाज चढला नाही. "रडू नको. रडल्यावर बराबर आठवत न्हाई. पहिल्यापून सांग. चालू केल्यावर किती येळानं जातं?"

मी सांगितलं, अर्ध्या-पाऊण तासानं. लगेच चालू केलं तर लवकर जातं, थांबून केलं तर टिकतं. सकाळी गिरणी बंद असते तरी जातं. ते एकेक प्रश्न विचारत गेले. आवाज येतो का, वास येतो का. शेवटी म्हणाले, "अजून काही? कितीबी फालतू आसंल तरी सांग."

मी खाली बघत म्हणाले, "थंडी असते ना काका, म्हणून मी पाय खालच्या सीपीयूच्या डब्याला लावून बसते. बंद पडायच्या आधी तो फार गरम होतो. पाय काढून घ्यावा लागतो."

काका उठून उभे राहिले. "मंग वीज न्हाईच ती," ते म्हणाले. "त्याला ताप येऊन राह्यला."

सरांकडे जाण्याआधी त्यांनी माझ्यापुढे वही ठेवली. सगळ्या सकाळच्या नोंदी आठवून लिहायला लावल्या, प्रत्येकीपुढे माझं नाव. माझा हात थांबला तेव्हा ते म्हणाले, "माझ्या जोडीला एक गडी व्हता. दुसऱ्यानं लाईन चालू केल्ती, पण लिहिलं न्हवतं. ह्यो बंद समजून चढला." मी उरलेल्या नोंदी भरभर लिहिल्या.

सरांनी वही वाचली. एका पानावर बारा वेळा माझं नाव होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "मी विचारलं होतं ते रागानं नव्हतं विचारलं." मग काका डबा उघडू म्हणाले, तेव्हा सर कचरले. "काका, काही जळालं तर?"

"बंदच पडून राह्यलं सर. अजून काय पडायचं हाय त्याचं?"

काकांनी विचारलं, "बंद?" मी म्हणाले, "बंद." स्क्रू निघाले, पत्रा बाजूला झाला. आत एक लहान पंखा होता आणि त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. पट्ट्या दिसतच नव्हत्या. खालच्या आडतीत कापूस यायचा, त्याची मऊ, मळकट पिंज त्यांच्यात गच्च बसली होती, वाती करण्यासाठी पिंजून ठेवावी तशी. सर म्हणाले, "मशीनची सगळी गरमी इथून बाहेर पडते." काका म्हणाले, "कशी पडावी? दाराला गादी लावून ठिवली." रंगाचा कोरडा ब्रश आणि सायकलचा पंप घेऊन दोघांनी ते साफ केलं. मी पिंज कागदावर गोळा करत होते. ओंजळभर निघाली.

मग मला मशीनवर बसवलं. "टाईप कर," काका म्हणाले.

"काय करू?"

"काहीबी. तुझं नाव कर, गावाचं कर."

मी नाव टाईप केलं, गाव टाईप केलं, आईचं, वडिलांचं, भावांचं, शाळेतल्या बाईंचं, शेतातल्या झाडांचं. काका घड्याळ हातात घेऊन स्टुलावर बसले होते. अर्धा तास झाला. चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. पडदा तसाच उजळ होता. काकांनी डब्याच्या मागं हाताची पाठ धरली. "कोमट वारं येऊन राह्यलं," ते म्हणाले. "आता श्वास घेतंय." सरांनी जालन्याला फोन करून सांगितलं की येत नाही. मी खाली उतरले आणि जिन्यात बसून पोटभर रडले. त्या रडण्यात दुःख नव्हतं. एसटी चुकली, तरी काही वाटलं नाही.

परीक्षेच्या आठवडाभर आधी काका लेकीकडे अंकुशनगरला राहायला गेले. जावई साखर कारखान्यात होता. त्यांना सोडायला मी आणि संध्या स्टँडवर गेलो होतो. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून गेले होते, ते जमलं नाही. गाडीत बसल्यावर तेच खिडकीतून म्हणाले, "परीक्षेला पोटभर खाऊन जा. उपाशी माणूस जल्दी घाबरतो." नंतर आमची भेट झाली नाही. ते तिथं बरे आहेत, असं सरांकडून कळत राहिलं.

परीक्षा परतूरला होती. मी घरून दोन भाकरी खाऊन गेले. वीस मशीन, वीस अनोळखी माणसं, फिरणारे एक परीक्षक. निम्मा पेपर झाल्यावर मी पाय लांब केला आणि पडदा काळा झाला. खाली पाहिलं तर वायर माझ्याच पायात अडकून निघाली होती. शेजारचा मुलगा म्हणाला, "आपोआपच बंद पडलं असं सांग."

मी उभी राहिले. "सर, माझ्या पायानं वायर निघाली," मी म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

परीक्षकांनी हातातल्या कागदावरून नजरही उचलली नाही. "बसवा परत," ते म्हणाले. "दहा मिनिटं वाढवून देतो."