डिस्कव्हरी गार्डन्समधलं कूळ

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सहा. वादातली रक्कम सहा हजार दिरहम, म्हणजे तेवीसच्या दराने एक लाख अडतीस हजार रुपये. हजर: मी, बायको, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमची मुलगी आणि घरमालक. घरमालक मूळचे पुण्याचे, वय पासष्टच्या पुढे, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणतो. आमच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं अठ्ठावन्न हजार होतं, त्यांना चौसष्ट हवं होतं. आमची उडी साठपर्यंत. त्यापुढे शारजाला घर बघायचं आणि मुलीने रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये काढायचे. बायकोला ते अजिबात नको होतं.

पण खरी सुरुवात गुरुवारीच झाली होती. मुलीचा जुन्या इंग्रजी जमीन कायद्याचा पेपर जवळ आला होता. तिने शब्दांची कार्डं केली होती; मी कार्ड धरून विचारायचं, तिने सांगायचं.

"हेरियट?"

"कूळ मेलं की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराला. मुळात अर्थ लढाईचं सामान. मालकाने दिलेला घोडा, तलवार माणूस गेल्यावर परत करायची. मग घोड्याची गाय झाली."

"आपल्याकडे जनावर कुठलं?" मी म्हणालो.

"एक आहे की," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "सोफ्यावर बसून कार्डं वाचतंय."

पुढचं कार्ड व्हिलिन. म्हणजे वाडीवर राबणारा, मालकाला बांधलेला माणूस. सिनेमातला व्हिलन त्याचाच वंशज. बिचाऱ्याने केलं काही नव्हतं, फक्त गरीब होता. आणि सॉकेज म्हणजे मोकळं कूळ. मी विचारलं, "काम दोघंही करतात, मग फरक काय?"

"सॉकेजवाल्याचं काम ठरलेलं असतं, बाबा. इतके दिवस नांगर, इतक्या कोंबड्या, खलास. उद्या सकाळी मालक काय सांगेल हे व्हिलिनला आज रात्री माहीत नसतं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. "मग तुझे बाबा कोण गं?"

मुलगी माझ्याकडे बघून हसली. "ऑब्व्हियसली व्हिलिन!"

मला राग आला. मी माझी वही काढली. मी सगळं लिहून ठेवतो. कुणाकडे मागायला नाही, सवय म्हणून. चार वर्षांत भारताच्या पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी काकांचं पार्सल: भाजणी, मेतकूट, एकदा पितळी समई. काकांचं भारतातलं आयकर विवरण चार वेळा. एसीची दुरुस्ती दोनदा माझ्या खिशातून, सातशे वीस दिरहम. दर दिवाळीला बायकोचे लाडू. आपला माणूस म्हणून ते सांगत गेले, आपला माणूस म्हणून मी हो म्हणत गेलो. यातलं एकही काम आदल्या दिवशी मला माहीत नव्हतं. वही मिटली.

शनिवारी काकांनी चौसष्ट म्हटलं आणि मी नेहमीसारखं म्हणालो, "बघू या, काका."

"काय बघणार?" बायको म्हणाली.

मुलगी चहा घेऊन आली. "आजोबा, बाबा तुमचे व्हिलिन आहेत." आणि तिने अख्खा पेपर काकांना तोंडी दिला, माझ्या वहीसकट. काकांनी हात पुढे केला. "वही आणा बघू."

चष्मा लावून ते वाचत राहिले. "पाच पार्सलं मिळून एकतीस किलो?"

"एकतीस किलो चारशे ग्रॅम," मी म्हणालो.

"आणि मी चार वर्षं एक दिरहम वाढवला नाही, ते कुठे लिहिलंय?"

"मागच्या पानावर." मी पान उलटून दिलं. आजूबाजूचं भाडं, आमचं भाडं, वर्षावार फरक. बायकोने कपाळाला हात लावला.

काकांनी फरकाच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्या बाजूनेही लिहिणारा भाडेकरू शारजाला पाठवून मी काय करू? साठ. पण कामं?"

"ठरवून घ्या," मुलगी म्हणाली. "आजपासून सॉकेज."

"जुलैत विवरण," काका म्हणाले. "दिवाळीला लाडू, एकवीस. एसी माझ्याकडे. आणि पार्सल दर फेरीला दोन किलो."

"पार्सल नाही, काका," बायको म्हणाली.

"एक किलो?"

"खलास, काका."

"आणि तुमचा नवरा गेला तर मला हेरियट काय?"

"गाडी खाली उभी आहे, तेरा वर्षांची. ढकलत न्यावी लागेल."

काका इतके हसले की चहा बशीत सांडला.

शेवटी दिलं ते असं: पंधरा हजारांचे चार चेक, काकांना. एकवीस बेसनाचे लाडू आगाऊ, तेही काकांनाच. डबा अजून परत आलेला नाही. आणि सल्ल्याची फी म्हणून मुलीला खालच्या दुकानातला शावर्मा, दहा दिरहम, म्हणजे दोनशे तीस रुपये.