मिरजेहून आलेला रिपोर्ट

“आरं, वाच की मोठ्यानं! इंग्रजी घिऊन बी.ए. करतोयस न्हवं?” वडील असे ओरडले, की तासगावच्या आमच्या शेडात जाळीवरचे ओले बेदाणे भीतीनंच सुकले असावेत. गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते, बेदाणा निवडणाऱ्या बाया आणि त्यांच्यातच बसलेली आई हात थांबवून बघत होत्या आणि माझ्या हातात आईच्या तपासणीचा रिपोर्ट होता. फवारणीच्या बाटलीपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत गावातला प्रत्येक इंग्रजी कागद वाचायला माझ्याकडंच यायचा. दुसऱ्या ओळीत कॅन्सर होता. तेवढा शब्द गिळून मी बाकीचं असं खणखणीत वाचलं, की साक्षात गव्हर्नर शेडात उतरलाय असं वाटावं, मग अर्थ सांगितला, “काय न्हाई, रक्त कमी हाय. दूध-अंडी खायची.” वडिलांनी खुशीत सगळ्यांना चहा सांगितला. आज कॉलेजात इंग्रजी शिकवतो, पण इतका जीव लावून मला पुन्हा कुणी ऐकलं नाही. आई पाण्याच्या टाकीशी गेली, तसा मी मागं गेलो आणि तिला खरं सांगितलं. हात धूत ती म्हणाली, “मला डाक्टरनी मराठीत सांगितलंय. वडलास्नी मातूर असंच वाचून दाखवत जा.”