गुरुवारचा तंबू

ज्योतीरामच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी आणि लेकीच्या, दिव्याच्या शाळेला रविवारी. चाकणला येऊन बारा वर्षं झाली होती, पण बाप-लेकीच्या वाट्याला अख्खा मोकळा दिवस काही आला नव्हता. गुरुवारी ती शाळेतून यायची तेव्हा त्याचा डोळा लागलेला असायचा. रविवारी ती उठायची तेव्हा तो कंपनीच्या बसमध्ये तरी असायचा, नाहीतर रात्रपाळी करून पांघरुणात शिरलेला. पाचवीतल्या त्या पोरीने बाप बहुतेक झोपलेलाच पाहिला होता.

म्हणून त्याने तिला शब्द दिला होता. डोंगरातल्या वनउद्यानात जायचं, तळ्याला पायी फेरी मारायची आणि रात्री तंबूत राहून सकाळी शाळेच्या आत परतायचं, तिघांनी. त्यासाठी त्याने मशीनवरच्या जोडीदाराच्या, रणजीतच्या, दोन जादा पाळ्या केल्या, तेव्हा कुठे रणजीत रविवारी त्याच्या जागी उभा राहायला कबूल झाला.

शनिवारची रात्रपाळी संपवून ज्योतीराम घरी आला, तोंडावर पाणी मारलं आणि बायकोला म्हणाला, "चला, आवरा."

"अहो, तासभर तरी पडा," स्वप्नाली म्हणाली. "डोळे बघा कसे लाल झालेत."

"पडलो तर उठायचो नाही."

एसटी हलली आणि त्याची मान कलली. बसमध्ये बसलं की झोपायचं, ही कंपनीच्या बसने लावलेली सवय. उतरायच्या वेळी दिव्यालाच त्याला हलवावं लागलं.

फाटकावर यशवंतराव बसले होते. शेजारच्याच गावचे, सत्तरीला आलेले. तंबूंची वही त्यांच्याकडे असे. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "नाव न्हाई, पाव्हणं."

"नीट बघा ना, बाबा. मोबाइलवरून बुकिंग केलंय."

म्हाताऱ्याने मागची पानं चाळली. "हाय की! पर ह्ये गेल्या गुरुवारचं हाय. सांजपातुर वाट बघितली तुमची. आज एक बी तंबू रिकामा न्हाई."

ज्योतीरामने मोबाइल काढून बघितला. खरंच गुरुवार. सुट्टीचा दिवस निवडायचा म्हटल्यावर बोट आपसूक गुरुवारवर गेलं होतं. आलेला मेसेज उघडून बघण्याइतकंही त्राण तेव्हा नव्हतं.

"रविवारसाठी एवढा आटापिटा केलात," स्वप्नालीने कपाळाला हात लावला, "आणि बुकिंग गुरुवारचं!"

दिव्या फाटकातून आत बघत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तळं कुटं पळून चाललंय?" यशवंतराव म्हणाले. "फेरी तर मारा. पाचला मी शिट्टी मारतो, तवा फाटकापाशी या. शेवटची एसटी घावंल."

जांभळीच्या सावलीतून पायवाट तळ्याच्या कडेने जात होती. ज्योतीराम आधी पुढे चालत होता. मग स्वप्नाली पुढे गेली, मग दिव्या.

"पप्पा, तुम्ही चालता चालता झोपताय."

"छे! ऊन लागतंय डोळ्यांना."

"सावलीत?"

तो हसला आणि कातळावर टेकला. "पाचच मिनिटं," म्हणाला आणि पिशवी उशाला घेऊन जो आडवा झाला तो झालाच.

स्वप्नाली त्याला हलवायला वाकली. दिव्याने तिचा हात धरला. "राहू दे ना, मम्मी."

मग ती त्याच्या पायांशी बसून राहिली. पाण्यात टिबुकल्या पंख मिटून बुड्या मारत होत्या. एक बुडाली की ती कुठे वर येईल याचा दिव्या अंदाज करायची आणि बहुतेक वेळा चुकायची. दोनदा ती वळणापर्यंत जाऊन आली. तिथून पलीकडच्या काठावरचे तंबू दिसत होते. त्यापुढे ती गेली नाही.

शिट्टी वाजली तसा ज्योतीराम ताडकन उभा राहिला. हात खिशाशी नेऊन ओळखपत्र चाचपू लागला. "बस आली?"

दिव्या खळखळून हसली. स्वप्नालीलाही राहवलं नाही. त्याने तळ्याकडे बघितलं, कलत्या उन्हाकडे बघितलं.

"उठवलं का नाही गं मला? किती राहिलं?"

"अर्धं," दिव्या म्हणाली.

तो झपाझप फाटकापर्यंत चालत गेला. तिथे पोचल्यावर यशवंतरावांना म्हणाला, "बाबा, या गुरुवारी तंबू आहे?"

"गुरुवारी समदेच रिकामे. पर पोरीची साळा?"

"तेच म्हणते मी," स्वप्नाली म्हणाली. "शाळा कशी बुडवायची?"

"चिठ्ठी देतो मी."

"काय लिहिणार? ताप आला म्हणून?"

ज्योतीरामने जरा विचार केला. "नाही. खरं तेच लिहितो. वडिलांना सुट्टी आहे."

दिव्या त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पण आदल्या दिवशी झोप काढा हं, पप्पा."

"बुधवारी दुसरी पाळी आहे," तो म्हणाला. "रात्री बारापर्यंत घरी येतो. होईल झोप."