गिरणीत कळेल असा फोन

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या भाऊंनी दगड थांबवला, हात झटकले आणि टेबलाच्या खणातून फोन काढला. बटणांचा जुना फोन. एकाच नंबरावरून आलेले दोन कॉल त्यावर पडून होते, तेही तासाभरापूर्वीचे. त्यांनी उलट फोन लावला. मी माझ्या डब्यापाशी उभी होते. पलीकडून कोण काय बोललं ते मला कळलं नाही, पण भाऊ फोन कानाशी तसाच धरून हळूहळू खाली, पोत्यावर बसले.

"किडनी आली होती," ते म्हणाले. "मी उचलला नाही. पुढच्या माणसाला दिली."

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होत्या आणि त्यांतली अडीच वर्षं त्यांचं नाव यादीत होतं. रुग्णालयातली यादी सांभाळणारी बाई दोनदा फोन करते. उत्तर नाही आलं, तर पुढचं नाव. यात तिचा दोष नाही. काढलेली किडनी काही वाट बघत बसत नाही. पण दुसऱ्यांदा असंच झालं, तर नाव बाजूला काढतात. मग सगळ्या तपासण्या नव्याने आणि रांग शेवटापासून.

"माझा नंबर द्या," मी म्हटलं.

"विचारलं, ताई. नातेवाईकच हवा म्हणतात. होकार त्यानेच द्यायचा."

दुसरा नंबर वहिनींच्या भावाचा दिलेला होता. तो ट्रकवर असतो. निम्मा वेळ त्याला रेंज नसते आणि उरलेला वेळ हात स्टिअरिंगवर. वहिनींकडे फोनच नव्हता, आणि डायलिसिसहून आल्या की त्या अशा झोपत की उशाशी ढोल वाजवला तरी उठणार नाहीत. म्हणजे सगळी मदार भाऊंवर. आणि भाऊ सकाळी आठ ते संध्याकाळी सात गिरणीत.

त्यांना मुलं "पिठोबा" म्हणतात. भुवया, कान, मिशा, सगळं पांढरं. ते चिडत नाहीत. "पिठोबाला डबा वाहा आणि घरी पळा," म्हणतात. त्या मंगळवारनंतर मात्र मुलं चिडवायला आली तर ते नुसते बघायचे.

वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "ज्याला मिळाली त्याचं भलं झालं ना? मग झालं तर." पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी भाऊंनीच सांगितलं.

शुक्रवारी वहिनींचा भाऊ नवा फोन घेऊन आला. पातळ, चकचकीत, अख्खा काचेचा. "भाऊजी, कॅमेरा बघा! चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"मला खड्डे नकोत. वाजतो किती ते सांग."

तो वाजला. गिरणीवरच्या त्यांच्या खोलीत तर दणदणीत वाजला. खाली भाऊंनी गिरणी सुरू केली आणि मी दारातून फोन लावला, तर फोनपासून दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या भाऊंना पत्ता नाही. खिशात थरथरेल म्हणून तो खिशात ठेवला. पण दगड फिरायला लागला की जमीन, टेबल, माणूस, सगळंच थरथरतं; त्यात फोनची थरथर ती काय कळणार? चौथ्या दिवशी आवाजाच्या जाळीत पीठ बसलं आणि त्याचा घसा बसला. प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तर बोट लागेना. पिशवी काढली तरी लागेना. वर्षानुवर्षं पीठ चाचपून भाऊंचा अंगठा कोरडा आणि गुळगुळीत झालेला. त्यांनी सहा वेळा काचेवरून फिरवला आणि सहाही वेळा काच त्यांना माणूस मानायला तयार झाली नाही.

"घे तुझा चंद्र," त्यांनी मेहुण्याला फोन परत दिला. आठ दिवस गेले होते. त्या आठ दिवसांत रुग्णालयातून फोन आला नव्हता, हे आमचं नशीब.

मग आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई बोलण्यात पटाईत. "फोटो काढता जास्त, की व्हिडिओ बघता?"

"पीठ चालतं का याला?"

"फोन आहे भाऊ, चाळण नाही!"

भाऊ हसले नाहीत. त्यांनी सरळ सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी तीन फोन काढून काचेवर मांडले आणि प्रत्येकाचे गुण सांगू लागल्या. भाऊंनी प्रत्येक हातात घेतला, पालथा केला आणि खाली ठेवला. दुकानात सगळेच फोन चांगले वाटत होते. मागचाही असाच चांगला वाटला होता.

"हे तिन्ही गिरणीत नेऊन बघू," मी म्हटलं.

"छे हो ताई. न विकलेला फोन दुकानाबाहेर जात नाही."

"मग तुमचा गव्हाचा डबाही माझ्या गिरणीबाहेर जात नाही," भाऊ म्हणाले. "कालपासून पडलाय."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, दुकानाला कुलूप घातलं आणि तिन्ही खोकी पिशवीत टाकून आमच्यासोबत निघाल्या.

गिरणीत भाऊंनी बाईंचाच गहू वर ओतला. मी रस्त्यावर उभी राहून फोन लावत होते. पहिला, सगळ्यात मोठ्या आवाजाचा. भाऊंना कळला नाही. दुसरा, मनगटावर बांधायच्या पट्ट्यासह. पट्टा थरथरला की कळेल म्हणून. नाही कळला. तिसरा बांधकामावरची माणसं वापरतात तसला, जाडजूड, भोकांना रबरी झाकणं असलेला. त्याच्या बाजूला एक उठावाचं बटण होतं. ते दाबलं की फोन उचलला जाईल, असं बाईंनी करून दिलं. बोटाला काच लागो न लागो. आणि कॉल आला की त्याच्या पाठीवरचा दिवा लुकलुकायचा. तो फोन त्यांनी समोरच्या खिळ्याला टांगला.

मी फोन लावला. दिवा लुकलुकला. मला रस्त्यावरून दिसला, बाईंना दिसला. भाऊंना नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"एवढा लख्ख दिवा दिसत नाही म्हणजे काय!" बाई ओरडल्या.

भाऊंनी दगड थांबवला. "मला सांगता? मी काय मुद्दाम करतो?"

वहिनी जिना उतरून दारात येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. गिरणी चालू असताना यांनी कधी मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही, ते तुमच्या दिव्याकडे काय बघणार? जिथे बघतात तिथे लावा की."

भाऊ बघतात कुठे? दगडाखालून पीठ ज्या कापडी सोंडेतून डब्यात पडतं, तिथे. एक हात कायम त्या धारेखाली. पीठ जाड येतंय का, तापतंय का, चिमटीत धरून बघायचं. बाकी जग त्यांना नसतंच.

फोन सोंडेला बांधला. मी लावला. पडणारं पीठ एकदम पांढरं लखलखलं आणि भाऊंचं बोट बटणावर गेलं. दहा वेळा लावून बघितलं. सातव्या वेळी चुकला, कारण दिव्यावर पीठ साचलं होतं. मग ठरलं, प्रत्येक नवा डबा लावताना आधी दिवा पुसायचा.

मेहुण्याने तो फोन बघून विचारलं, "याने काय दगड फोडायचेत का?" वहिनींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पुढचे सात आठवडे मी रोज एकदा, वेळ बदलून, फोन लावायची. सोळा वेळा दुसऱ्या कुणीतरी लावला. एकाला मोटार विकायची होती, एकीला चुकीचा नंबर लागला होता. दर वेळी भाऊ दगड बंद करून बाहेर धावायचे आणि परत येताना घामेजलेले असायचे. ते वाळत चालले होते. वहिनींच्या पायांवरची सूज वाढत होती. डॉक्टर आता धीर द्यायला "बघू" एवढंही म्हणत नव्हते, हे वहिनींच्याही लक्षात आलं होतं.

मग एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मी डबा आणायला गेले होते. भाऊंनी नवा डबा लावला, दिवा पुसला आणि चिमटीत पीठ धरलं. पीठ लखलखलं.

त्यांनी बटण दाबलं, सोंडेला बांधलेल्या फोनची गाठ एका हिसक्यात तोडली आणि गिरणी बंद न करताच बाहेर धावले. "ठेवू नका! मी आहे! थांबा!" ते रस्त्यात जाऊन ओरडत होते. "हो, नवराच बोलतोय. हो. ... अकरा वाजता जेवली. ... ताप नाही." मग माझ्याकडे वळले, चेहरा पिठाखालीही उतरलेला दिसला. "ताई, हिला सर्दी खोकला काही?"

मी सकाळीच वहिनींपाशी बसून आले होते. "नाही. काही नाही."

"नाही म्हणतात. नाही. ... दोन तासांत? येतो. मजला सांगा."

आत वरचं धान्य संपलं होतं. दगडावर दगड घासायला लागला आणि कर्कश आवाजाबरोबर जळका वास दारापर्यंत आला. रिकामा दगड फिरू देणं हे गिरणीवाल्याच्या लेखी पाप. दगडावरच्या धान्याच्या टोपलीशी मुलं खेळली तरी, धान्य अडेल म्हणून, भाऊ धावून जायचे. मी गिरणीचं बटण शोधायला आत शिरले, मला सापडेना. भाऊंना तो आवाज ऐकू येत होता. त्यांनी मान वळवली नाही. "तिसरा मजला, डावीकडे," ते म्हणाले आणि पुन्हा एकदा म्हणाले, पाठ करत असल्यासारखे.

फोन झाल्यावर त्यांनी आत येऊन गिरणी बंद केली. दगडावर तळहात टेकवला आणि झटकन उचलला.

"दगड गेला?" मी विचारलं.

"टाकी लावावी लागेल. नव्याने खाचा पाडायच्या." आणि ते दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.

वहिनी झोपलेल्या होत्या. भाऊ दारातच थांबले. शेवटी मीच खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, आधी मला, मग दारातल्या त्या पांढऱ्या माणसाला पाहिलं.

"उचललात?"

भाऊंनी नुसती मान हलवली. वहिनी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मग आधी तोंड धुवा. असे आलात तर तुम्हालाच आत नेतील."

ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी वहिनी मध्ये एकदाच थांबून जिना चढल्या. खाली कारागीर छिन्नी घेऊन दगडाला टाकी लावत बसला होता, आणि भाऊ सगळ्यांना सांगत होते की अजून चार दिवस पीठ दुसरीकडून आणा.